मामांचा चिल्लर डबा: एरर नाणी किती आणि नुसती खराब किती (प्रकल्प नोंदी)

५ जानेवारी २०२५

काम काय आहे ते आधी लिहितो. एरर नाणं म्हणजे टांकसाळीतच छापताना चुकलेलं नाणं. मामांचं नाशिकला पंचवटीत रामकुंडाच्या वरच्या अंगाला पूजासाहित्याचं दुकान होतं. गल्ल्यात जे नाणं जरा वेगळं दिसेल, वाकडं, काळं, पातळ, अर्धवट छापलेलं, ते मामा बाजूला काढून डालड्याच्या डब्यात टाकायचे. बरीच वर्षं. डबा आता पावणेदोन किलोच्या आसपास भरतोय. मामा गेले, दुकान बंद झालं, आणि मध्यंतरी मामींना शेजारच्या कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला की अशा नाण्यांचे लाखो मिळतात, झालं. "अरे, तू मशीनवाला ना, मग तूच बघून दे."

मी सातपूरला टूलरूममध्ये डाय फिटर आहे. नाण्यांचा नाद मला कधीच नव्हता पण प्रेस, पंच, ब्लँक हे रोजचंच. नाणं म्हणजे शेवटी प्रेसचा जॉबच आहे: पट्टीतून पंचने ब्लँक (कोरी चकती) कापायचा, रिमिंगमध्ये त्याची कड उचलायची, मग कॉलरमध्ये (बाहेरून धरणाऱ्या कड्यात) ठेवून वरून-खालून दोन डायमध्ये (नक्षीच्या साच्यांत) ठोकायचा. म्हणून ठरवलं की प्रत्येक नाण्याला एकच प्रश्न विचारायचा, हे असं होणं यातल्या कुठल्या पायरीला शक्य आहे? पायरी सापडली तर पुढे तपासायचं, नाही सापडली तर ते टांकसाळीच्या बाहेर झालंय, विषय संपला.

खर्च: ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा ४८० रुपये, १० पट दाखवणारं लूप (भिंग) २२० रुपये. व्हर्निअर घरचाच. शिवाय एक यूएसबी मायक्रोस्कोप मागवला १,३५० ला, त्याबद्दल पुढे येईलच.

आणि हो, धुवायचं नाही. मामींनी मी यायच्या आधीच मूठभर नाणी चिंच-मीठ लावून लखलखीत करून ठेवली होती. त्यातलं एखादं खरं एरर असलंच तर त्याची किंमत तिथेच पडली, कारण घेणारा सगळ्यात आधी मूळ पृष्ठभाग बघतो. उरलेला डबा मी उचलून घरी आणला.

८ जानेवारी

पहिली छाननी चुंबकाने. १९९२ नंतरचा स्टीलचा १ रुपया, स्टीलचे ५० पैसे, गेंड्याचे २५ पैसे, हे सगळे चिकटतात. २ रुपयांचं जुनं ११ कोनी नाणं (नकाशा आणि झेंडा असलेलं) आणि ५ रुपयांचं जुनं जाड नाणं तांबं-निकेलचं असतं, ते चिकटत नाही. १९६२ ते ७४ चा मोठा रुपया चिकटला तर दचकू नका, तो शुद्ध निकेलचा आहे आणि निकेल चिकटतंच.

काळी, खड्डे पडलेली नाणी वेगळी काढली तर ती झाडून सगळी स्टीलची निघाली, तांबं-निकेलचं एकही नाही. रात्री डोक्यात आलं का ते. रामकुंडावर पोरं दोरीला चुंबक बांधून पात्रात सोडतात, लोकांनी वाहिलेली नाणी वर येतात आणि मग तीच आजूबाजूच्या दुकानात सुट्ट्यांसाठी जातात. चुंबकाला जे चिकटतं तेवढंच वर येणार. म्हणजे डब्याचा हा अख्खा काळा ढीग गोदावरीतून आलाय. चिखल, निर्माल्य, पाणी, त्यात कित्येक महिने पडून राहिल्यावर दुसरं काय होणार. हा ढीग न तपासता बाजूला ठेवला, डबा एका झटक्यात जवळजवळ निम्मा झाला.

१२ जानेवारी

वजनं घ्यायला बसलो आणि काटा वेड्यासारखा नाचायला लागला, तेच नाणं ४.८१, मग ४.८८, मग ४.७९. आख्खी सकाळ त्यात गेली. कारण पंखा. पंखा बंद केला, काटा लाकडी पाटावरून ओट्याच्या ग्रॅनाईटवर नेला, मग जागेवर आला. खात्रीसाठी २०११ ते २०१८ मधलं पिवळं ५ रुपयांचं नाणं टाकायचं, ते ६ ग्रॅम भरलं पाहिजे.

जी वजनं लागली ती देतो, म्हणजे तुम्हाला शोधत बसायला नको. स्टीलचा १ रुपया (१९९२ ते २००४) ४.८५ ग्रॅम, २५ मिमी. स्टीलचे ५० पैसे ३.८ ग्रॅम, २२ मिमी. गेंडा २५ पैसे २.८३ ग्रॅम, १९ मिमी. ११ कोनी २ रुपये ६ ग्रॅम, जाड ५ रुपये ९ ग्रॅम, १० रुपये ७.७१ ग्रॅम.

"पातळ नाणी" म्हणून मामांनी एका पुडीत बांधून ठेवली होती ती सगळी ॲसिडची निघाली. ओळखायचं असं की ॲसिड सगळीकडून खातं, म्हणजे वजन कमी, व्यासही कमी, आणि अक्षरं साबणाच्या झिजलेल्या वडीवरच्या नावासारखी. ब्लँकच पातळ आला असता तर व्यास बरोबर भरला असता, कारण तो कॉलर ठरवते, फक्त जिथे धातू पुरला नाही तिथली छपाई कच्ची राहिली असती. अख्खी पुडी बाद.

१५ जानेवारी

बुधवारच्या बाजारात गोदाकाठी एकजण जुनी नाणी घेऊन बसतो त्याच्याशी बोलत बसलो. विकायला काही नेलं नव्हतं, फक्त भाषा समजून घ्यायची होती. या धंद्यात उलटा ठसा बसलेल्या नाण्याला "लखी" म्हणतात. त्याने दोन लखी दाखवल्या आणि मला त्यातली एक तरी संशयास्पद वाटली, पण त्याच्या पालावर उभं राहून काय बोलणार.

एक गैरसमज मात्र त्याच्याकडेच मोडला. मामींच्या व्हिडिओत होतं की तारखेखाली मिंटची (टांकसाळीची) खूण नसलेलं नाणं म्हणजे एरर. मुंबईची खूण हिऱ्यासारखा चौकोन, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका, आणि कोलकात्याची खूणच नसते! आमच्याकडे अशी "बिनखुणेची" जपून ठेवलेली दीडशेच्या वर नाणी होती. सगळी कोलकात्याची, सगळी चिल्लर.

१९ जानेवारी

कापलेल्या कडेची नाणी. पट्टी पुढे सरकताना कमी सरकली की पंच आधीच्या भोकावर अर्धवट पडतो आणि ब्लँकला चंद्रकोरीसारखा चावा बसतो, आमच्याकडेही स्ट्रिप फीड घसरलं की स्क्रॅपच्या पेटीत असे ब्लँक दिसतात. म्हणजे पायरी आहे. पण कानस घेऊन कोणीही असा चावा काढू शकतो, मग फरक कुठे बघायचा तर चाव्याच्या बरोबर समोरच्या कडेला. कड उचलणाऱ्या मशीनमध्ये ब्लँक दोन बाजूंनी दाबत फिरवतात, एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूला दाब बसत नाही आणि तिथली कड सपाट, पुसट राहते. नाणेवाले याला ब्लेकस्ली इफेक्ट म्हणतात. कानसवाल्याला हे करता येत नाही, निदान सरळपणे तरी नाही.

डब्यात चावलेली सात निघाली. पाचांवर लूपमधून कानशीच्या समांतर रेघा चक्क दिसतात, समोरची कड ठणठणीत, आणि चाव्याजवळची अक्षरं मध्येच कापलेली. एकावर काही ठरवता येत नाही, फार झिजलंय. एक मात्र गेंडा २५ पैसे, वजन २.६१, समोरची कड पुसट, चाव्याजवळची अक्षरं चाव्याच्या दिशेने थोडी ओढली गेलेली. हे खरं आहे. डब्यातलं पहिलं खरं.

२५ जानेवारी

आता तो मायक्रोस्कोप. घेऊ नका. त्यात प्रत्येक नाणं एरर दिसतं. तारखेला सावली, अक्षराला दुहेरी कड, सिंहाला दोन-दोन जबडे, मी दोन रात्री फोटो काढत बसलो आणि तेवीस नाणी "डबल डाय" म्हणून बाजूला काढली. सकाळी कंपनीत जाताना बसमध्ये फोटो बघत होतो तेव्हा लक्षात आलं की ही दुहेरी कड सगळीकडे सपाट आणि बुटकी आहे, पायरीसारखी, आणि तिने मूळ अक्षर उलट बारीक केलंय. डाय सैल असली की ठोका बसल्यावर ती किंचित हलते आणि नुकतंच वर आलेलं अक्षर बाजूने खरवडते, आम्ही याला चॅटर म्हणतो. डायवरच ठसा दोनदा उमटला असता तर दुसरं अक्षरही गोलाईने पूर्ण वर आलं असतं, टोकाला चीर दिसली असती आणि तसंच्या तसं प्रत्येक नाण्यावर दिसलं असतं. चॅटरला कोणी पैसे देत नाही. तेवीसच्या तेवीस परत ढिगात.

त्यातून कामाची एक गोष्ट हाताला लागली. नाण्यावर रेघ दिसली की नखाने बघायचं वर आहे की खाली. वर उठलेली रेघ म्हणजे डायला तडा गेला होता आणि धातू त्यात घुसला, ही टांकसाळीतली. खाली गेलेली रेघ म्हणजे ओरखडा, ही रस्त्यावरची. नाण्यावर नंतर कोणी धातू उगवू शकत नाही. या एका परीक्षेने शंभरेक नाणी अर्ध्या तासात निकाली निघाली, आणि हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, १,३५० वाचले असते. एका १ रुपयाला कडेशी मोठा फुगवटा आहे, तिथे डायचा तुकडाच उडालेला. ठेवला.

२ फेब्रुवारी

आज त्र्यंबक रोडला अंजनेरीला जाऊन आलो. १९८० पासून तिथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्युमिस्मॅटिक स्टडीज, सोबत संग्रहालय. नाशिककर असून मी पहिल्यांदाच गेलो. हाताने ठोकलेली जुनी नाणी जवळून बघितली की समजतं, त्यात ठसा मध्यावर बसलेलं नाणं हेच अपवाद, म्हणून तिथे "ऑफ सेंटर" म्हणजे एरर हा हिशोब लागूच होत नाही. तो हिशोब कॉलर आल्यानंतरचा.

आणि आपल्याच जिल्ह्यातलं जोगलटेंभी, तिथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला होता, १३,००० हून जास्त, सगळी क्षत्रप राजा नहपानाची, आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर जिंकलेल्याचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह. डबल स्ट्राईक म्हणायचं तर हा, पण चूक नाही, मुद्दाम केलेला. ज्या गल्लीबोळातल्या व्हिडिओवाल्याने दोन ठशांचं नाणं बघून बोंब मारली असती त्याला हे दाखवायला पाहिजे. असो, याचा आपल्या डब्याशी संबंध नाही, डब्यात सगळं १९६० नंतरचं.

४ फेब्रुवारी

लखी. डब्यात तीन होत्या. प्रेसमध्ये नाणं वरच्या डायला चिकटून राहिलं की पुढच्या ब्लँकवर डायऐवजी त्या नाण्याचाच ठसा बसतो, उलटा आणि खोलगट. व्हाइसमध्ये दोन नाणी एकमेकांवर ठेवून आवळली तरी उलटा खोलगट ठसा येतो. मला स्वतः करून बघायचं होतं पण २०११ च्या कॉईनेज ॲक्टखाली नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं गुन्हा आहे, उगाच धोका नको म्हणून मऊ केलेली ॲल्युमिनियमची चकती घेतली आणि तिच्यावर नाणं दाबलं, नाण्याला काही होत नाही. ठसा आला पण उथळ, आणि चकतीवर मी आधी कोरलेल्या रेघा त्या ठशाखालून दिसतच राहिल्या.

तेच तिन्ही नाण्यांवर. उलट्या "भारत"च्या मागे मूळच्या आकड्याचं भूत दिसतंय, उंच भाग चपटे झालेत, कड चेपलेली. खऱ्या लखीत त्या बाजूला मूळ छपाई असायचं कारणच नाही, तिथे डाय कधी टेकलेलीच नसते. तिन्ही बाद.

९ फेब्रुवारी

ही नोंद मोठी आहे कारण या एका नाण्याने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला.

१ रुपया, १९९८, स्टील, पण आकाराने लहान. कडेची अक्षरं अर्धी गायब. व्यास २२.२ मिमी, वजन ३.७७. आठवतंय ना, ५० पैसे म्हणजे २२ मिमी आणि ३.८ ग्रॅम. म्हणजे रुपयाच्या डायखाली ५० पैशांचा ब्लँक गेला! अशा चुकीच्या ब्लँकवरच्या नाण्याला खरंच चांगले पैसे मिळतात. मामींना फोन करायला हातात घेतला होता, पण म्हटलं आधी उलटा हिशोब करू.

रुपया २५ मिमीचा ४.८५ ग्रॅम. तोच कोणी कडेने कमी करत २२.२ वर आणला तर किती राहील? क्षेत्रफळाच्या प्रमाणात ३.८२ येतं, शिवाय जाड कड गेली म्हणून आणखी थोडं कमी. म्हणजे ३.७७ दोन्हीकडे बसतं. धातू तोच, जाडी जवळपास तीच, त्यामुळे इथे काटा आणि व्हर्निअर दोघंही काहीच सांगू शकत नाहीत. हे मला कुठे लिहिलेलं दिसलं नव्हतं म्हणून ठळक सांगतोय, रुपया आणि ५० पैशांच्या बाबतीत वजन जुळलं म्हणून नाचू नका.

मग उरते ती कड. लहान ब्लँक मोठ्या डायखाली गेला तर त्याला कॉलर लागत नाही, धातू बाहेर पसरतो, कडेकडची अक्षरं पसरत पसरत पुसट होतात आणि कड थोडी गोलसर, असमान राहते. या नाण्यावर अक्षरं शेवटपर्यंत पूर्ण उंचीची आहेत आणि सुरीने कापल्यासारखी तुटतात. कड एकदम काटकोनात. लूप लावलं तर कडेवर बारीक एकसारख्या रेघा परिघाच्या दिशेने, आणि एका बाजूला सूक्ष्म बर (कापताना उठलेली धातूची किनार). हे टर्निंग आहे, लेथवर फिरवून कातलेलं. दुसऱ्या दिवशी कंपनीत आमच्या लेथवाल्या काकांना काही न सांगता हातात दिलं, त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "वॉशर केलाय रे कोणीतरी, भोक पाडायचं राहिलं."

चिल्लर.

१६ फेब्रुवारी

१० रुपयांची पुडी. मधला गाभा नसलेल्या दोन रिंगा आहेत, दोन्हींच्या आतल्या भिंतीवर ठोकून काढल्याचे ओरखडे, बाद. बाकी "नकली" म्हणून मामांनी वेगळी ठेवलेली, कोणावर रेघा दहा तर कोणावर पंधरा, कोणावर रुपयाचं चिन्ह आहे कोणावर नाही. रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ ला स्पष्ट सांगितलंय की तोपर्यंत आलेली सगळी १४ डिझाईन चालतात. मामींना म्हटलं, खर्च करा. त्यातून ६४० रुपये निघाले, म्हणजे खरी कमाई इथेच झाली म्हणायची.

११ कोनी २ रुपयांत एक चांगलं सापडलं. आपली नाणी वरची बाजू सरळ धरून पुस्तकाच्या पानासारखी उलटली की मागची बाजूही सरळ दिसली पाहिजे. अमेरिकन नाणी वर-खाली उलटावी लागतात, तिकडचे व्हिडिओ बघून इथे तपासलं तर प्रत्येक नाणं फिरलेलं वाटेल. या नाण्यात नकाशा आडवा होतो, कोनमापकावर साधारण ७० अंश. पाच-दहा अंश कोणी विचारत नाही, डाय तेवढी फिरतेच. ७० म्हणजे बरं आहे.

२२ फेब्रुवारी

मध्येच मामींना फोन आला. त्यांच्या मुलीने कुठेतरी नाण्यांचे फोटो टाकले होते. समोरचा म्हणाला मोठी रक्कम देतो, आधी २,१०० रुपये नोंदणीचे पाठवा, रिझर्व्ह बँकेचं पत्रही दाखवलं. मामी म्हणतात, "शिक्का होता रे त्यावर." मी त्यांना रिझर्व्ह बँकेचंच ४ ऑगस्ट २०२१ चं निवेदन वाचून दाखवलं, की बँक असल्या व्यवहारात नाही आणि कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. पैसे गेले नाहीत. पण मामी दोन दिवस माझ्यावरच रुसल्या होत्या.

२ मार्च

सराफ बाजाराकडच्या एका विक्रेत्याकडे तिन्ही खरी नेली. गेंड्याला २००, डायचा तुकडा उडालेल्या रुपयाला ८०, फिरलेल्या २ रुपयाला ३५० म्हणाला. गेंड्याचे २५ पैसे ३० जून २०११ पासून चलनातून बंद आहेत, त्यामुळे तो पाव रुपयालाही कुठे चालणार नाही, २०० वाईट नाहीत. मी त्याला लेथचा रुपयाही दाखवला, मुद्दाम काही न बोलता. त्याने काट्यावर टाकला, ३.७७ बघितलं आणि १,५०० बोलला. मी कड दाखवली, रेघा दाखवल्या. त्याने परत दिला आणि विचारलं, "तुमच्याकडे अजून अशी आहेत का?"

नाही विकला. गेंडा आणि रुपया दिला, २८० आले. फिरलेलं २ रुपयांचं मामींनी ठेवून घेतलं. नदीच्या काळ्या ढिगाचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. मामी म्हणतात रामकुंडात सोडून देऊ, मी म्हणतो पोरं परत काढतील.